कुणीच न लिहिलेलं वाक्य

लाल अक्षरांची ती पाटी आजही माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातले पुष्कळ विसरलो. काळाचौकीतल्या एका मंडपाबाहेरची दोन ओळींची विजेची पाटी मात्र विसरता आली नाही. नावं कुणाचीच घेणार नाही. ती माणसं अजून तिथेच राहतात, आणि मासे आणायला मला त्याच बाजारात जावं लागतं.

गणपतीचे दिवस होते. बंदोबस्ताने आमचं पोलीस ठाणं मेटाकुटीला आलेलं. सकाळी मंडपाजवळच्या हारवाल्याचा फोन आला. "साहेब, ताबडतोब या. चाळीत काकूंच्या दारात गर्दी झालीय. बाप्पाचं सोनं चोरलं म्हणतायत."

स्टेशन डायरीत नोंद केली आणि दोन शिपाई घेऊन निघालो. काकू म्हणजे गिरणी कामगाराची विधवा, सत्तरीच्या, मूळच्या मालवणकडच्या. दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहायच्या. मंडळाचा मोदकांचा नैवेद्य वर्षानुवर्षं त्यांच्याच घरून जायचा. त्या दिवशी मोदकांचं ताट झाकलेलं तसंच परत येऊन उंबऱ्यावर पडलं होतं.

गर्दीतल्या एकाने मला मोबाइलवरचा फोटो दाखवला. आदल्या संध्याकाळी मंडळाच्या पाटीवर वरच्या ओळीत होतं, 'दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी बाप्पाच्या गळ्यातली सोन्याची साखळी'. आणि खालच्या ओळीत, 'चोरली. आपापले दागिने सांभाळा.'

फोटो एव्हाना लालबाग-परळभर फिरला होता.

"साखळी आहे कुठे?" मी विचारलं.

"बाप्पाच्या गळ्यात," मंडळाचे अध्यक्ष म्हणाले. सगळ्यात मोठा आवाज त्यांचाच.

"मग चोरली काय?"

"खरी नेली असेल आणि खोटी घातली असेल!"

सोनाराला बोलावलं. साखळी अस्सल निघाली. मला वाटलं, मिटलं. कसलं काय! "बोभाटा झाला म्हणून परत आणून ठेवली असेल," असं लगेच कुणीतरी म्हणालंच. एकदा संशय बसला की माणसं पुराव्यालाच आरोपी करतात, हे मी नोकरीत फार पाहिलं आहे.

काकू आत पलंगावर बसल्या होत्या. पायाशी ट्रंक भरून तयार. रडत नव्हत्या. "साहेबानू, ही साखळी माझ्या नवसाची. मीच बाप्पाक घातलंय. विसर्जनाच्या आधी माझा नाव साफ करून द्या. नायतर मी गावाक जातंय. ह्या चाळीत तोंड दाखवूचा नाय माका."

साखळी काकूंनीच दिली हे अध्यक्षांनाही ठाऊक होतं, पण 'दिली तशी परत नेली असेल' हेच त्यांचं पालुपद. विसर्जन चार दिवसांवर होतं.

पाटी चालवणारा एकच माणूस होता, काकूंच्या बरोबर खालच्या खोलीत राहणारा, दादरच्या एका कंपनीतला इंजिनिअर. पासवर्ड त्याच्याकडेच. दुपारी आमच्या खबऱ्याने पुरवणी जोडली. "साहेब, त्याचं आणि काकूंचं वाजलेलं. काकूंच्या तुळशीचं पाणी त्याच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर गळतं. परवाच गॅलरीत जाम राडा झाला."

हेतू सापडला, साधन सापडलं. त्याला ठाण्यात बोलावलं. आला तो स्वतःहून, लॅपटॉप बगलेत मारून.

"कशाला लिहिलंस हे?"

"मी नाही लिहिलं, साहेब."

"मग काय गणपतीने लिहिलं?"

"माझ्याकडे सगळे मेसेज साठवलेले असतात. हे वाक्य त्यात नाहीच."

"पुसलं असशील."

"पुसायचं असतं तर पाटीवर कशाला लावलं असतं?"

उत्तर बिनतोड होतं, पण बिनतोड उत्तरं देणाऱ्यांवर आम्ही पोलीस जास्तच डोळा ठेवतो. तासभर उलटसुलट विचारलं. भांडणाचं त्याने लगेच कबूल केलं. "भांडतो ना साहेब. काकू ऐकतच नाहीत. रोज बादलीभर पाणी घालतात त्या तुळशीला! पण चोरी? काकू? छे! त्या दुसऱ्याची काडीसुद्धा उचलणार नाहीत." सकाळपासून इतक्या लोकांशी बोललो होतो. काकूंच्या बाजूने बोललेला हा पहिलाच माणूस, आणि तो आमचा संशयित.

मी फोटो पुन्हा समोर घेतला. वरची ओळ झाकून खालची वाचली. 'चोरली. आपापले दागिने सांभाळा.' च्यायला! हे तर मीच लिहून दिलं होतं. आदल्या संध्याकाळी आमच्या मदत कक्षातून पाटीवर लावायला तातडीची सूचना गेली होती. 'काल दर्शनाच्या रांगेत भामट्याने एका महिलेची सोन्याची बांगडी चोरली. आपापले दागिने सांभाळा.'

"तू आख्खं वाक्य शोधतोयस," मी त्याला म्हणालो. "टोळीत दोघं असले की आम्ही एकेकाचा वेगळा माग काढतो. अर्धं शोध."

त्याने लॅपटॉप उघडला. दोन्ही ओळींचं सबंध वाक्य शोधलं. नाही. नुसती खालची ओळ शोधली. सापडली, आमच्या सूचनेत. मग नुसती वरची. तीही सापडली, मंडळाच्या आभारात. '...सोन्याची साखळी नवसापोटी अर्पण केली. मंडळ आभारी आहे.'

तो कपाळावर हात मारून घेत म्हणाला, "स्लाइस!"

"मराठीत सांग."

"साहेब, पाटीचा प्रोग्राम जावास्क्रिप्टमध्ये आहे. मेसेज लांब असला तर एका ओळीत मावत नाही. मग मी ओळीत मावेल तिथपर्यंत मोजतो, तिथून मागे येत पहिली मोकळी जागा गाठतो, म्हणजे शब्द मधे तुटत नाही, आणि तिथे कापतो. पहिला तुकडा वरच्या ओळीला, उरलेला खालच्या. कापायच्या त्या हुकमाचं नाव स्लाइस. मूळ मेसेजला त्याने धक्का लागत नाही, तो आत शाबूत राहतो. नुसता तुकडा काढून मिळतो."

"मग भानगड कुठे झाली?"

"तुमची सूचना तातडीची. ती आली की खालची ओळ लगेच बदलली. वरची आपली पाळी संपेपर्यंत थांबली. तेवढ्या वेळात वरती काकू आणि खालती तुमचा चोर."

आणि नेमका तेवढ्यात कुणीतरी फोटो काढला. वाक्य कुणीच लिहिलं नव्हतं, वाचलं मात्र सगळ्यांनी.

आता प्रश्न होता लोकांना पटवायचं कसं. स्लाइस-बिइस सांगत बसलो असतो तर पोरगा सुटावा म्हणून पोलीस गोष्टी रचतात, असं म्हणाले असते. म्हणून संध्याकाळच्या आरतीआधी सगळ्यांना मंडपाबाहेर उभं केलं. काकूंना महिला शिपाई हाताला धरून घेऊन आली. मी इंजिनिअरला एक मेसेज लावायला सांगितला. 'अध्यक्षांनी बाप्पाच्या आरतीसाठी चांदीची पाच वातींची समई भक्तिभावाने दिली.' लोकांनी टाळ्या वाजवल्या, अध्यक्षांनी हात जोडले. मग मी म्हटलं, "आता पोलिसांची कालची सूचना सोड."

पाटीवर आलं, 'अध्यक्षांनी बाप्पाच्या आरतीसाठी चांदीची पाच वातींची समई'. खाली, 'चोरली. आपापले दागिने सांभाळा.'

हशा पिकला! पोरंसोरं शिट्ट्या मारायला लागली. अध्यक्ष लालबुंद झाले आणि मग तेही हसले. सगळ्यांच्या डोक्यात एका दमात प्रकाश पडला. मीही खूश होतो. खोटं का बोला?

हसल्या नाहीत त्या एकट्या काकू. हसू ओसरेपर्यंत त्या थांबल्या आणि अध्यक्षांकडे न बघता मला म्हणाल्या, "साहेबानू, तेंचा नाव इला तेव्हा सगळे हसले. माझा इला तेव्हा कोणच हसूक नाय."

अध्यक्षांनी पुढे होऊन पाय धरले, नैवेद्याचं ताट मागितलं. काकूंनी ते दिलंही. विसर्जनापर्यंत रोज मोदक गेले.

मी कागदोपत्री प्रकरण बंद केलं. गुन्हा घडलाच नव्हता, आरोपी कोण करणार? जबाब घेताना मी आयुष्यभर माणसांच्या बोलण्याचे तुकडे कापत आणि जोडत आलो. त्यानंतर जबाब वाचून दाखवताना मी साक्षीदाराला हटकून विचारायचो, हे तुम्ही असंच, एका दमात म्हणालात ना? आणि काकूंनी जे दाखवलं त्याला माझ्याकडे कलम नव्हतं. पाटीने दोन ओळी जोडल्या, मधला विश्वास लोकांनी आपल्या पदरचा घातला. राग येतो मला आजही.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी काकू गावाला गेल्याच. नाव साफ झालं होतं, तरी गेल्या. इंजिनिअरने मला हे फोन करून सांगितलं. ट्रंक खाली उतरवायला तोच गेला होता. खोलीची किल्ली काकूंनी अध्यक्षांना दिली नाही, शेजाऱ्यांना दिली नाही. त्याच्या हातात ठेवली.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"म्हणाल्या, तुळशीक पाणी घाल रे. पण बेतान घाल, खाली गळता."