मोठ्या बाईंची पायाळू

माणसं ओळखायची आमच्या मोठ्या बाईंसारखी रीत जगात दुसऱ्या कोणाची नसेल. नाव, घराणं, धंदा यांच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. माणूस जन्मला कसा, एवढंच त्यांच्या लक्षात राहायचं. भिवापूरच्या दवाखान्यात त्या इतकी वर्षं नर्स होत्या की अर्धं गाव त्यांच्या हातावर जन्मलं होतं, आणि उरलेलं अर्धंही आपल्याच हातावर जन्मलं अशी त्यांची ठाम समजूत होती. त्यात त्यांच्याहून वयानं मोठे असलेले हेडमास्तरही आले. सत्तरच्या दशकात मी नागपूरच्या नंदनवनातलं घर सोडून त्यांच्या हाताखाली नवी नर्स म्हणून रुजू झाले, तेव्हा पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "जाय वं, नाळवाल्याकडून घासलेट घेऊन ये. आडव्याच्या घरावरून गेली का उजव्या हाताले हाय." मी बाटली घेऊन रस्त्यात उभी. कोण नाळवाला, कोण आडवा? शेवटी एका म्हातारीला विचारलं, तर तिला पत्ता चटकन कळला! पोटात आडवा आलेला तो आडवा, आणि जन्मताना नाळ गळ्याभोवती गुंडाळलेला तो नाळवाला. "म्हणून तर थो उन्हाळ्यात बी मफलर सोडत नाही," असं मोठ्या बाईंनी मला मागाहून समजावलं.

बाळंतिणीला धीर द्यायची त्यांची तऱ्हाही अशीच. आतली बाई कळांनी ओरडायला लागली की या तिच्याहून मोठ्यानं ओरडत. "अवं माय वं! आता कसं होईन वं!" ती बिचारी आपलं दुखणं विसरून यांचीच समजूत घालायला लागे, आणि तेवढ्यात मूल बाहेर. हे त्या मुद्दाम करत की खरोखरच घाबरत, ते मला कधीच कळलं नाही. विचारलं तर म्हणत, "तुले काय वाटते?" झालं, आता घ्या उत्तर!

माझं मात्र तिथे कठीण चाललं होतं. माझ्या हातून कोणी साधी सुई टोचून घेईना. "मोठी बाई येऊ द्या," म्हणून माणसं बाकावर बसून राहत आणि मी रिकाम्या हातांनी कापूस पिंजत बसे. दिवसभर वाकून मिरच्या तोडणाऱ्या बायकांची कंबर हमेशा धरलेली. अशीच एक कण्हत आली, तिला मोठ्या बाईंनी गोळी दिली, मलम चोळलं आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "आता लहान्या बाईची लात खाय. पायाळू हाय थे."

जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर येतात तो पायाळू, आणि त्याची लाथ बसली की धरलेली कंबर सुटते, ही आपल्याकडची जुनी समजूत. पण मी पायाळू? मी तोंड उघडायच्या आत ती बाई पाठ करून उभीसुद्धा राहिली! लावला कसाबसा पाय. दुसऱ्या दिवशी दारात रांग. नर्सिंगची परीक्षा पास झालेली मी, सकाळपासून गावाला लाथा मारत होते. गोळीनं बरं वाटे, मलमानं की माझ्या पायानं, देव जाणे. दिवाळीला घरी गेले तेव्हा आईला विचारलं. आई म्हणाली, "सरळ डोक्यावर झालीस गं, काय खूळ हे!" परत येऊन मोठ्या बाईंना तसं ठणकावून सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "तुह्या मायले काय माहीत? थे काय पाहून राहिली होती त्या वक्ताले?" आता मलाच खात्री वाटेना.

मग ती सकाळ आली. डॉक्टर मीटिंगला नागपूरला गेलेले, आणि मिरचीच्या शेतातून एका बाईला बैलगाडीत घालून आणलं. पहिलं लेकरू गेलेलं, आणि या खेपेला पाय आधी दिसत होते. मी असं बाळंतपण कधी केलं नव्हतं. मोठ्या बाई पाण्याची बादली उचलायला वाकल्या आणि तशाच राहिल्या. कंबर धरली! ना वर होता येईना, ना पाऊल टाकता येईना. आतून ती बाई म्हणत होती, "बाई, हे तरी वाचवा."

"पाहून काय राहिली? मार लात!"

"अहो बाई, मी पायाळू नाही हो!"

"आता हायेस! मार!"

मी हळूच पाऊल टेकवलं. त्या खेकसल्या, "लात मार म्हटलं वं, पाया पडाले नाही सांगतलं!" तेव्हा मी डोळे मिटून हाणली. त्या "माय वं!" म्हणून किंचाळल्या, वाकलेल्याच टेबलापर्यंत गेल्या, हात धुतले आणि कामाला लागल्या. मूल निळं, गप्प बाहेर आलं. त्यांनी त्याला चोळलं, पाठीत थोपटलं. ते रडलं तेव्हा आम्ही तिघीही रडलो.

मग त्यांनी मुलगी माझ्या हातात दिली आणि पाठ केली. "इचे पाय माह्या कमरेले लाव. हे खरी पायाळू." मी ते इवलेसे तळवे टेकवले, आणि बाई हळूहळू सरळ झाल्या.

"मग मी कोण?" मी विचारलं.

"तुह्याजवळ कोणी येत नव्हतं नं पोरी. लात खायाले तरी आले." 

त्या लाथांनंतर खरंच माझ्या हातून लोक सुया घेऊ लागले होते, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. पण दुसऱ्याच दिवशी एक कंबरवाली आली, तर या पुन्हा, "जाय, लहानी बाई पायाळू हाय!" मी डोळे वटारले. त्या म्हणाल्या, "हायेच नं! मी काहून खोटं बोलू?" आणि चेहरा असा साळसूद की माझा पुन्हा गोंधळ.

रिटायर झाल्यावर त्या भावाकडे कन्हानला गेल्या. पुढे काही वर्षांनी मी भेटायला गेले, तेव्हा त्या अंथरुणाला खिळल्या होत्या आणि माणसं ओळखणं सुटलं होतं. भाचीनं त्यांना माझं नाव सांगितलं, भिवापूर सांगितलं, दवाखाना सांगितला. त्यांनी विचारलं, "कोण वं तू?"

सगळ्या गावाची ओळख ठेवणाऱ्या बाईंना मीच तेवढी सापडेना. मी वाकले आणि त्यांच्या कानाशी म्हटलं, "बाई, मी पायाळू."

चेहरा असा उजळला! "हाव नं! तूच थे! पाय पयले आले होते तुहे. लय तरास देला तुनं मले." मग भिंतीकडे कूस वळवून त्यांनी कमरेवरचा पदर बाजूला केला. "मार. पाया नको पडू."

मी चप्पल काढली.