पेचावरची लाल रेघ

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, असं घरातली सगळी म्हणतात. खरंच आहे. शेजारच्या सुनेला दिवस गेल्याचं तिच्या नवऱ्याच्या आधी मी गल्लीला सांगितलं होतं. तर अशा बाईच्या पोटात एक गोष्ट पन्नास वर्षं न हलता बसून आहे — खरं वाटेल तुम्हाला? नवऱ्याला सांगितली नाही. ते अंथरुणाला खिळले, शेवटचे चार महिने मी उशाशी बसून होते, तेव्हाही नाही. लेकीला नाही. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून जीभ जरा सुटतेय.

गोष्ट एका मोटारीची आहे. म्हणजे — मोटारीची नाही. पण मोटारीपासून सुरू करते, सोपं जाईल.

सासरे परभणीला वकील होते. त्यांना मी मामा म्हणायची, सासूला आत्या. मामांचे वडील झरीला दुसऱ्यांच्या बांधावर राबले. मामा शिकले, धम्मदीक्षेनंतर आमच्यात जी पहिली काळे कोट घालणारी मंडळी तयार झाली त्यांतले एक. पुढे झरीला थोडी जमीन घेतली, बैलजोडी घेतली, आणि एका जहागीरदाराच्या गोठ्यात जिच्यात कोंबड्या बसत होत्या ती निजामाच्या काळातली इंग्रजी मोटार घेतली. आमच्या समाजातली परभणीतली पहिली मोटार, असं आत्या सांगायच्या. ती रस्त्यानं निघाली की काही माना ताठ व्हायच्या आणि काही डोळे बारीक. म्हणून मामांचा एकच हुकूम — बाकी काय व्हायचं ते होवो, भर बाजारात ही मोटार बंद पडली नाही पाहिजे.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली असतील. मामांच्या हाताला कंप सुटला. ड्रायव्हर नको म्हणाले. मुलगा, म्हणजे माझा नवरा, नोकरीला औरंगाबादला. मग एका सकाळी, चहाची बशी खाली ठेवत — "सूनबाई, उद्यापासून मोटार तू चालवायची."

आणि सूनबाई कोण? मी. बावीस वर्षांची, मॅट्रिक पास, आरशापुढून हलायला तयार नसलेली महाराणी. मोटार म्हणजे काय, सायकलीला दोन चाकं जास्त, असं मला वाटायचं. क्लच हळू सोडायचा — तीनच शब्द. मला ते तीन शब्द महिनाभर जमले नाहीत. पाय उचलला की गाडी बोकडासारखी एक उडी मारायची नि गप्प. पुन्हा चालू करायची, पुन्हा उडी, पुन्हा गप्प. मागच्या सीटवर मामा, कोट घालून, समोर बघत. बाजारातली एक भाजीवाली तर रोज वाट बघत असायची माझी. "वकिलीनबाई, बैल आणू का वो जुंपायला?" सगळी रांग हसायची. मामा एक अक्षर बोलायचे नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं, नाही का?

आता हैदर मिस्त्री. साठीचे, मेंदी लावलेली दाढी, हैदराबादेत मोटारींवर हात बसलेला. ही मोटार कोंबड्यांतून उठवून चालती केली ती त्यांनी. परभणीत ज्याच्या दारात जुनी गाडी असेल तो हैदर मिस्त्रींनाच बोलवायचा, कारण त्यांचा कान. रबराची एक नळी होती त्यांच्याकडे — एक टोक कानात, दुसरं इंजिनावर फिरवत जायचे, डॉक्टरसारखे. आणि काम करताना बोलायचे. कुणी ऐको न ऐको. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकायची. नव्या सुनेला ते दुलन म्हणायचे, पण मान वर करून कधी बघितलं नाही.

त्यांच्या बोलण्यातूनच मला कळलं. आपण पाय काढला की इंजिनानं नुसतं गुरगुरत राहायचं असतं, त्याला ते 'स्लो' म्हणायचे. कार्बुरेटरमध्ये एक झडप असते, ती थोडी किलकिली राहते, तेवढ्या हवेवर इंजिन जिवंत राहतं. किती किलकिली, ते एक पेच, म्हणजे स्क्रू, ठरवतो. तो आवळला की झडप जास्त उघडी, इंजिन जोरात. जोरात असलं की — हे त्यांनी सांगितलं नव्हतं, हे माझ्या सुपीक डोक्यातलं — क्लच कसाही सोडला तरी गाडी बंद पडणार नाही.

कळलं ना, गाडी कुठं चाललीय?

एका दुपारी आत्या निजल्या होत्या, मामा कोर्टात. शिलाई मशीनचा छोटा पेचकस घेतला आणि तो पेच पुरता एक फेरा कसला. दुसऱ्या दिवशी मोटार बाजारातून अशी निघाली की भाजीवालीचं तोंड उघडं ते उघडंच. मामा मागून म्हणाले, "वा सूनबाई!" आयुष्यात मला फार शाबासक्या मिळाल्या नाहीत. ती मी अधाशासारखी खाल्ली.

पण इंजिन आता उभ्या जागी किंचाळायला लागलं. तापायचं. पेट्रोल आधीच महागलेलं, ते घटाघटा पिऊ लागलं. "थांबल्या जागी हे एवढं काऊन वरडायलंय?" मामांनी मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी पाच मिनिटांत पेच पकडला. "इतना तो मैं नै कसा था," असं स्वतःशीच म्हणाले आणि पेच होता तिथं आणला. पुढच्या खेपेला गाडी पुन्हा बाजारात बंद पडली. भाजीवाली पुन्हा हसली. मी पुन्हा पेचकस काढला.

दुसऱ्या वेळी ते सकाळी आले ते दुपारपर्यंत वाकूनच होते. पेच हलवण्याआधी बाकी सगळं बघायचं ठरवून आले असावेत. एक्सिलेटरची तार सोडून बघितली — अडकत नव्हती. चोकची दांडी पूर्ण आत. पॅकिंगभोवती तेलाचे थेंब सोडले, कुठून हवा ओढते का म्हणून नळी लावून ऐकलं. कार्बुरेटरच्या तोंडावर तळहात दाबला, इंजिन लगेच मेलं — म्हणजे चोरवाट कुठं नाही, हवा आत येतेय ती झडपेतूनच. मग ज्या दांडीवर झडप फिरते ती अंगठ्या-बोटात धरून हलवली, झिजली असेल म्हणून. पुन्हा हलवली. तिसऱ्यांदा डोळे मिटून. मी खिडकीपाशी भाकरी थापत होते. एकाही भाकरीला पापुद्रा आला नाही त्या दिवशी.

शेवटी पेच. त्यांनी मामांकडे बघितलं. "वकीलसाब, चलती गाडी में पेच ढिला होता. अपने आप कसता नै. किसीका हात लगा."

"घरात कोण लावणार हात?" मामा हसले. "आमची म्हातारी? का सूनबाई?"

आत्या हसल्या. मीही हसले. सगळ्यांत मोठ्यानं मीच हसले.

तेव्हा मिस्त्रींनी पेच जागेवर आणला आणि त्यांची खूण केली. ही त्यांची जुनी रीत होती — ज्या पेचाबद्दल शंका, त्याच्या डोक्यावरून बाजूच्या लोखंडापर्यंत लाल रंगाची बारीक रेघ ओढायची. पेच केसभर फिरला तरी रेघ मोडते. रंग कसला, तर पोळ्याला बैलांची शिंगं रंगवतात तो हिंगूळ. आमच्याच गाडीखान्यात झरीहून आलेला डबा पडलेला होता, त्यातलाच काडीवर घेतला. "अब देखेंगे," म्हणाले.

मी आठ दिवस त्या रेघेला घाबरून काढले. रोज उठून बॉनेटकडे बघायची. आठ दिवस क्लच शिकायला पुरेसे नव्हते का? होते. पण शिकायचं म्हणजे बाजारात अजून आठ वेळा बंद पडायचं. ते मला नको होतं. — इथं मी थांबून थांबून सांगतेय, कारण आत्तापर्यंतचं सगळं पोरकटपणात मोडतं. पुढचं मोडत नाही.

नवव्या दिवशी मी पेच फिरवला. चिंधी रॉकेलमध्ये बुडवून मोडलेली रेघ पुसली. त्याच डब्यातला तोच हिंगूळ काडेपेटीच्या काडीवर घेऊन नवी ओढली. रेघ सरळ आली. रांगोळीत माझा हात चांगला, असं माहेरी म्हणायचेच.

दोन दिवसांनी अंगणात गाडी चालू करून उभी होते. मामांची बॅग ठेवायला आत्या पुढून चालल्या होत्या. आत्यांना काहीतरी सांगायला मी वळले आणि क्लचवरचा पाय निसटला. एरवी गाडी उडी मारून गप्प झाली असती. त्या दिवशी ती गप्प झाली नाही. तशीच पुढं गेली, पाण्याचा रांजण फोडून भिंतीला टेकली. आत्या त्या रांजणापासून हातभर अंतरावर होत्या. पाणी त्यांच्या अंगावरून वाहत होतं आणि त्या नुसत्या उभ्या होत्या. मला म्हणाल्या, "तुला लागलं का गं?"

मिस्त्रींना निरोप गेला. आल्या आल्या त्यांनी बॉनेट उघडलं. मामा शेजारी. कंप सुटलेला हात मागं बांधून, पण आवाज कोर्टातला.

"मिस्त्री, खूण मोडली तर कुणाचा तरी हात लागला — तुमीच म्हणालात ना?"

"जी."

"बघा मग."

त्यांनी बघितलं. चष्मा पुसून बघितलं. रेघ अख्खी होती.

एका बाजूला ओल्या आत्या, एका बाजूला ती रेघ, मधे ते वाकलेले. पेच मागं घेतला असता तर आवाज लगेच उतरला असता, त्यांना ते ठाऊक होतं. पण जागेवरचा पेच हलवायचा म्हणजे रोग झाकायचा, असं मानणारा माणूस तो. पुन्हा तार, पुन्हा चोक, पुन्हा दांडी. बोटं भरभर चालायला लागली, मग चुकायला लागली. एक चकती हातातून पडली. ती शोधायला ते गुडघ्यावर बसले आणि मामा म्हणाले, "राहू द्या आता. वय झालं मिस्त्री, कान गेला तुमचा. आज आमची म्हातारी गेली असती."

मिस्त्रींनी मान हलवली. "गया होंगा, वकीलसाब."

मी दारात होते. चार पावलांवर. तोंड उघडायला किती वेळ लागतो?

मामांनी वाईट हेतूनं सांगितलं नसेल, पण मिस्त्रींचा कान गेल्याचं कोर्टात सांगितलं. परभणी केवढी ती तेव्हा. महिनाभरात जुन्या गाडीवाल्यांनी दुसरी माणसं शोधली. आणि मी? आमच्याकडं दुसरा कुणी येण्याआधीच मी पेच मागं घेतला, रेघ पुसली, आणि पहाटे उठून मोकळ्या माळावर क्लच शिकले. भीतीनं पंधरा दिवसांत शिकले. "बघा," मामा म्हणायचे, "त्यांचा हात थांबला आणि मोटार सुधरली." मी त्यावरही मान डोलावली. घरच्यांच्या तोंडी मी शहाणी सून झाले. त्या शहाणीशी आता गाठ पडली तर दोन थोबाडीत देईन, पण ती काही भेटत नाही.

इथंच संपलं असतं तर कदाचित हे केव्हाच सांगितलंही असतं. तीनेक वर्षांनी सोनपेठला नणंदेकडे गेले होते. परतताना बाजाराचा दिवस, स्टँडवर गर्दी, आणि एका टपरीसमोर सायकलची ट्यूब पाण्याच्या घमेल्यात धरून बसलेले हैदर मिस्त्री. लेकीकडे राहत होते. मला त्यांनी ओळखलं. पहिल्यांदाच नीट माझ्याकडे बघितलं. मामा कसे आहेत विचारतील असं वाटलं. त्यांनी विचारलं —

"दुलन, उस गाडी का क्या निकला?"

तीन वर्षं तो प्रश्न घेऊन बसले होते. माझ्यासोबत कुणी नव्हतं. सासू नाही, नवरा नाही, ओळखीचं एक माणूस नाही. त्यांना हवं ते उत्तर परभणी जिल्ह्यात फक्त माझ्याकडे होतं. आणि मी म्हणाले, "नवा मिस्त्री आणला होता. झडपेची दांडी झिजली होती म्हणला. बदलली."

कसला नवा मिस्त्री, कसली दांडी. मला कुणी धाक घातला नव्हता. सुचलं आणि म्हणाले.

"दांडी," ते म्हणाले. ओला अंगठा आणि बोट एकमेकांवर हळूच फिरवत राहिले, मधे काहीतरी धरल्यासारखे. "तीन बार देखी थी मैंने. हिलती नै थी." मग हात लुंगीला पुसला. चेहऱ्यावर राग नव्हता, उलट एक प्रकारची सुटका होती. "चलो. मालूम तो हुआ."

परभणीची एसटी लागली. मी रेटारेटी करून चढले, खिडकीची जागा धरली. माझी पिशवी खालीच राहिली होती. ती उचलून त्यांनी खिडकीतून आत दिली, आणि मी घेतली.