कापसाच्या ढिगातला हात

माझी मुलगी दुर्बिणींतून दूरच्या आकाशगंगा पाहते आणि तिथे किती नवे तारे जन्मतात ते मोजते. एकदा उमरखेडच्या घरी तिने मला एकाच आकाशगंगेची दोन चित्रं दाखवली. एकात मधोमध काळं होतं, दुसऱ्यात तीच जागा लख्ख.

"काळी दिसते ते धूळ आहे, माय. नव्या ताऱ्याइचा उजेड ते गिळते अन् तापते. ते ऊब दुसऱ्या दुर्बिणीले दिसते. दोन्ही मिळवले तं खरा हिशोब लागते."

"अशी आतली ऊब तं तुहा बाप हातानं पाहे," मी म्हटलं.

कापूस कोणी घेत नव्हतं त्या वर्षी आमची पुढची खोली कापसाने भरली होती. दमट कापूस आतून तापतो, म्हणून नवरा रोज ढिगात खांद्यापर्यंत हात घालून पाहायचा. त्याच दिवसांत त्याच्या स्वतःच्या अंगात ताप होता. तो कामाला जायचा, हसायचा, कोणाला बोलला नाही. दवाखान्यात नेला तेव्हा उशीर झाला होता. हे सगळं मी तिला सांगितलं.

"बाबाच्या कपाळाले कोणी हात नाई लावला?" तिने विचारलं.

"नाई."

तिने लॅपटॉप मिटला. आता परत जाताना ती दर वेळी माझ्या कपाळाला हात लावते. ताप नसतो. मी तिचा हात झटकत नाही.