आभाराच्या ओळीत

"तुम्हा लोकांच्या हाताला कसब असतं. तू पट्ट्या गुंडाळ, फिजिक्स आमच्यावर सोड."

आमचे गटप्रमुख सर बोलले. चहा चालू होता. सगळे हसले, मीही हसलो. मला वाटलं कौतुकच केलं. असा मी हुशार!

मी धाड गावचा. भौतिकशास्त्रातला पीएचडी, नोकरी पुण्याच्या प्रयोगशाळेत. आम्ही असा कण शोधत होतो, ज्याच्यावर इलेक्ट्रॉनच्या हजाराव्या हिश्श्याएवढा विद्युतभार असेल. असलाच तर. परदेशातल्या कोलायडरमध्ये प्रोटॉन एकमेकांवर आदळतात. त्यातून तो निघाला, तर तिथेच शेजारी मांडलेल्या आमच्या प्लास्टिकच्या पट्ट्यांत उजेडाचा जेमतेम एक ठिपका पडणार. म्हणून पट्ट्यांत बाहेरचा उजेड शिरू द्यायचा नाही. काळी टेप लावायचं काम माझं.

एकदा आमचा गट तिथे असताना पट्ट्यांच्या चारही थरांत एकदम खूण उमटली, म्हणजे कणच असावा. सरांनी पुण्याहून आणलेले पेढे वाटले. मी पट्ट्या उघडल्या. टोकांची टेप सुटलेली, शेजारच्या यंत्राचा लुकलुकता दिवा आत झिरपत होता. टेप माझीच. चूक माझी, पकडलीही मीच. पेढा तोंडातच राहिला सगळ्यांच्या.

कण सापडला नाही. तेही आमच्यात छापतात. लेखकांची नावं वर्णक्रमाने लागतात, लहान-मोठं नसतं. त्या यादीत मी नव्हतो. पार शेवटी, आभाराच्या ओळीत होतो. 'तांत्रिक मदतीबद्दल.'

माय जन्मभर दुसऱ्यांच्या वावरात निंदायला गेली. पोराचं नाव छापून येणार, हे तिने गल्लीभर सांगून ठेवलेलं. पान घेऊन गावी गेलो. तिला वाचता येत नव्हतं. नावावर मी बोट ठेवलं.

"एवढं खाली काऊन रे?"

"वर जागा नव्हती, माय."

"हाव. लोकं लय असतीन."

तिने ते पान बुद्धाच्या फोटोखाली चिकटवलं. दोन महिन्यांनी गेली. माझं खोटं खरं मानून गेली. भेटायला आलेल्या बाया पानाकडे बोट दाखवायच्या, अन् मी मान डोलवायचो.

गेल्या आठवड्यात पुढच्या लेखाचा मसुदा आला. पुन्हा आभार. मी सरांना लिहिलं, सोबत सगळ्या गटाला. सुटलेल्या टेपची फट कोणी शोधली, कोणत्या नोंदी माझ्या, सगळं.

सरांचा फोन आला. "अरे, आईच्या दुःखात आहेस तू. शांत हो जरा."

"दुःख हाय, सर. पन वाचता येते मले."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांच्याशी घरच्या बोलीत बोललो.

नाव लेखकांत लागलं, तरी आता मायला दाखवता येणार नाही. तरी लागलंच पाहिजे. तोवर त्या लेखाला माझी संमती नाही.