तारीख न घातलेला राजीनामा

मी मुळातच फटकळ. मनात आलं की बोलून मोकळी. त्या फटकळपणानेच आमचं घर तारण गेलं.

नव्वदीच्या सुरुवातीला नवीन पनवेलला आमचं दीड खोलीचं घर झालं, तेव्हा ह्यांनी आग्रहाने कागदांवर माझंही नाव घातलं. मला कोण अभिमान! दोन वर्षांनी माझा धाकटा भाऊ आईला घेऊन आला. त्याला उरणला वेल्डिंगचं वर्कशॉप काढायचं होतं. पतपेढी कर्ज देत होती, पण तारण ठेवायला त्याच्याकडे होतं काय? आईचा चेहरा बघितला आणि ह्यांच्याकडे न बघताच मी बोलून बसले, "माझं घर आहे ना! ठेवू की तारण."

हे चहा पीत होते. कप खाली ठेवला आणि म्हणाले, "बरं."

कर्ज ह्यांच्या आणि माझ्या नावावर निघालं, घराचे मूळ कागद पतपेढीच्या कपाटात गेले. हप्ते भावाने भरायचे असं ठरलं होतं. वर्कशॉप वर्षभरही चाललं नाही. आधी "ताई, पुढच्या महिन्यात नक्की" म्हणायचा, मग यायचाच बंद झाला. हप्ता ह्यांच्या पगारातून जायला लागला.

हे तळोज्याला एका केमिकल कंपनीत होते. बीएस्सी झालेले, आणि डोक्यात एकच, की नोकरी सोडायची आणि घरी दहावीच्या मुलांना विज्ञान शिकवायचं. त्यासाठी फळासुद्धा आणून कपाटामागे ठेवला होता. कंपनीचा वास शर्टाला इतका बसायचा की ह्यांचे कपडे मी वेगळे भिजवायचे. खोकला बाराही महिने. सकाळी सव्वासहाला कोपऱ्यावर कंपनीची बस यायची आणि हे खोकत खोकत चढायचे. मी खिडकीतून बघायचे आणि भावाला शिव्या घालायचे, पण मनातल्या मनात. मोठ्याने कुठल्या तोंडाने घालणार? ह्यांनी एकदा जरी टोमणा मारला असता ना, तर कडाकडा भांडले असते, रडले असते, सुटले असते. पण हा माणूस एक अक्षर काढायचा नाही. अस्सा राग यायचा मला त्या गप्प बसण्याचा!

एकदा कपडे भिजवताना ह्यांच्या खिशात चार घड्या घातलेला कागद सापडला. राजीनामा होता. सुवाच्य अक्षर, खाली सही, फक्त तारखेची जागा कोरी. मी तो निमूटपणे दुसऱ्या दिवशीच्या शर्टाच्या खिशात ठेवला. पुढे रोजचंच झालं. ह्या शर्टातून काढायचा, त्या शर्टात घालायचा. मला माहीत आहे हे त्यांना माहीत होतं. कागद घडीवर फाटला की ते नवीन लिहून काढायचे. त्यावरही आम्ही कधी बोललो नाही.

सात वर्षांनी कर्ज फिटलं. हे पतपेढीतून घराचे कागद घेऊन आले, येताना पेढे आणले. आमच्या मुलीच्या हातावर पेढा ठेवला, माझ्या हातावर ठेवला. मग खिशातून तो कागद काढून टेबलावर सरळ केला, पेनाचं टोपण काढलं आणि मला विचारलं, "आज तारीख काय गं?"

समोर भिंतीवर कॅलेंडर होतं. त्यांना तारीख माहीत नव्हती असं थोडंच आहे? ते मला विचारत होते, सोडू का म्हणून.

मुलगी बारावीत होती. तिला इंजिनीअरिंगला जायचं होतं, कॉलेजांची माहितीपत्रकं त्याच टेबलावर पडली होती. माझ्या मनात आलं, म्हणावं, हीच तारीख घाला, एक दिवस थांबू नका. आणि मी, जन्माची फटकळ बाई, इतक्या हळू आवाजात बोलले की माझं मलाच ऐकू आलं नाही.

"अहो, हिचं शिक्षण होईपर्यंत थांबलं तर?"

त्यांनी मुलीकडे बघितलं. पेनाला टोपण लावलं.

"बरं," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सव्वासहाला बस आली आणि ह्यांना घेऊन गेली. मी आदल्या दिवशीचा शर्ट बादलीत टाकण्याआधी खिसा चाचपला. कागद होता. मी तो काढला आणि धुतलेल्या शर्टाच्या खिशात ठेवला.