मधली जागा

ही गोष्ट माझ्या नवऱ्याला माहीत नाही, लेकींनाही नाही. तुम्हालाच का सांगतेय — मलाही नीट कळत नाही. सांगायला बसले की उठते, पाणी पिते, गॅलरीतले कपडे वाळलेत का बघते, परत बसते. आज मात्र सांगून टाकते.

मी इथं, संभाजीनगरात, सिडकोतल्या एका हॉलमध्ये बायकांना युरिथमी शिकवते. हा नाच नाही, योगासनंही नाहीत. कुणीतरी ओवी म्हणतं, आणि तिच्यातल्या एकेका स्वराला आपण हातांनी, चालीनं आकार द्यायचा. 'आ' आला की हात उघडायचे. पाऊल टाकताना मन त्याच पावलात ठेवायचं. नव्या बायका विचारतात, यानं होतं काय? मी सांगते — श्वास खोल होतो, तोल सुधारतो, डोक्यातली कटकट शांत होते. हे खोटं नाही. मी स्वतः फार तापट होते, लेकींवर हात उचलायचे. या सरावानं ते थांबलं.

मग मी त्यांना एका बाईची गोष्ट सांगते. ती बाई म्हणजे मंगल. माझी धाकटी जाऊ.

तेव्हा आम्ही एकत्र राहायचो, आणि मी स्वतः हे शिकायला वर्गाला जायचे. मंगलची तान्ही मुलगी तापानं गेली, आणि मंगलचं बोलणंच बंद झालं. कामं सगळी करायची, पण एरवी मुठी आवळलेल्या — झोपेतसुद्धा. सासूबाई मला म्हणाल्या, "तुझ्या त्या वर्गाला हिलाबी ने गं." नेलं. बरेच दिवस ती नुसती उभी राहायची. मग एकदा आमच्या बाईंनी — मला ज्यांनी शिकवलं त्या बाईंनी — लांब 'आ' म्हटला, आणि मंगलचे हात उघडले. पुरते उघडले. येताना रिक्षात म्हणाली, "अक्का, लई हलकं वाटतंय." ती घरात बोलायला लागली. माझे दीर स्वयंपाकघराच्या दारात थांबून नुसतं ऐकायचे.

मला आनंद झाला होता. एवढं तरी माना — नाही, नका मानू. पुढचं ऐका.

बाईंनी छोटासा कार्यक्रम ठरवला. जात्यावरच्या ओव्या, आम्ही सगळ्या गोलात, आणि मधोमध एकजण. ती जागा माझीच, असं मी धरून चालले होते. सगळ्यांत जुनी मीच ना? पहिल्या तालमीला बाईंनी तिथं मंगलला उभं केलं. आणि ती जे करत होती ते मला कधीच जमणार नव्हतं — हे मला तिथंच दिसलं. बहुतेक तेच सोसलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती मेथी निवडत होती. मी शेजारी बसले.

"मंगल, वाईट वाटून घेऊ नको. बाई म्हणत होत्या, तुझ्यामुळं बाकीच्यांना त्रास होतो. तुझं दुःख अंगावर येतं म्हणे. तू न आलेली बरी."

बाई असं काही म्हणाल्या नव्हत्या. एक अक्षरसुद्धा नाही.

"खरंच म्हणल्या?" तिनं विचारलं.

"व्हय."

तिनं हातातली काडी मोडून बाजूला टाकली. म्हणाली, "बरं झालं सांगितलं तुम्ही, अक्का. नायतर मी येतच राहिले असते."

बाईंना मी सांगितलं, तिला घरून नको म्हणतात. मधली जागा मला मिळाली. माझ्या पांढऱ्या झग्याला इस्त्री मंगलनं केली. टाळ्या पडल्या. हात उघडताना मला काही वाटलं का? तोल गेला नाही, एवढंच आठवतं.

तिच्या मुठी हळूहळू परत मिटल्या. दीरांना सिल्लोडला मक्याच्या आडतीवर काम मिळालं, दोघं तिकडं गेली. पुढं बाई वारल्या, वर्ग माझ्याकडं आला. मंगलची गोष्ट मी 'आणि ती बोलायला लागली' इथंच थांबवते. बायकांचे डोळे भरून येतात. फी भरून जातात.

गेल्या दिवाळीत ती आमच्याकडं आली होती. माझ्याबरोबर वर्गालाही आली, खुर्चीवर बसली. एका नव्या मुलीनं तिचा हात धरला, "काकू, तुम्ही पण या ना!"

मंगल हसली. "नको गं बाई. माझ्यामुळं दुसऱ्यांना त्रास होतो."

सहज म्हणाली. माझ्याकडं बघितलंही नाही. खरं काय ते सांगू शकणारं माझ्याशिवाय कुणी उरलेलं नव्हतं, आणि मी तिच्यापासून हातभर अंतरावर होते. मी तोंड उघडलं — आणि म्हणाले, "चला, गोल करा."

आम्हाला जागा व्हावी म्हणून मंगलनं आपली खुर्ची मागं सरकवली.