दोन आयांच्या लेकराची लूट

आमची संघटना दोन आया किंवा दोन बाप असलेल्या घरांसाठी भांडते. शाळा, दवाखाना, घरमालक, जिथे अडेल तिथे. पत्रकं मी लिहिते. त्यात "समाजाची मानसिकता" असं टाकलं की काम भागायचं. ती मानसिकता मी संक्रांतीनंतर तिळाचे लाडू खाताना पाहिली. तेव्हापासून ते शब्द लिहायची किळस येते.

मानेवाड्यातल्या एका बिल्डिंगमध्ये आमच्यातल्या दोघी राहतात. एकीने मुलाला जन्म दिला. दुसरी काटोलची, मुलगा वाढला तिच्याच कडेवर. तो दोघींनाही आईच म्हणतो. त्याची लूट होती. लेकराला काळे कपडे, हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवायचं, डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे तुकडे ओतायचे आणि बाकीच्या पोरांनी ते झोंबाझोंबी करून वेचायचे. पोरंच नसली तर कसली लूट.

काटोलवाली दारोदार सांगून आली होती, "आमच्या दोघींच्या पोराची लूट आहे, लेकरं पाठवा."

बायका आल्या. पोरं जिन्यात थांबवली होती. हळदीकुंकू झालं, लाडू झाले, संत्री झाली. मग तळमजल्यावरच्या काकूंनी तोंडातला घास न गिळताच काटोलवालीचा हात धरला.

"हे पाय वं बाई, आमचं काही म्हणणं नाही. तू फक्त मावशी म्हण स्वतःले. पोरं आत्ता वर बोलावतो."

"काहून?"

"घरी येऊन विचारतात ना ते. आम्ही काय सांगावं?"

सगळ्यांच्या चेहऱ्यावर काय ती माया. शिवी दिली असती तर माझ्याकडे उत्तर होतं. मी हातातला लाडू परत ताटलीत ठेवला.

मुलगा पाटावरून दाराकडे बघत होता. त्याला जन्म देणारी आई काटोलवालीला हळूच म्हणाली, "म्हणून टाक ना. आजच्यापुरतं."

काटोलवालीनं पोराचा हलव्याचा मुकुट सरळ केला. "मावशी आहे त्याले," ती काकूंना म्हणाली. "काटोलले राहते. तुम्ही खाल्ली ती संत्री तिनंच पाठवली. मी आई आहे."

काकू उठल्या, तशा सगळ्या उठल्या. वाणाची वाटी मात्र एकीनंही सोडली नाही. काकूंनी तर जावेसाठी म्हणून आणखी एक मागून घेतली. जिन्यातून पोरांना खाली हाकलत नेल्याचा आवाज आला.

काटोलवालीनं बोरांचं भांडं उचललं आणि आमच्याकडे पाहिलं. "काय पाहून राहिले? बसा खाली."

संघटनेतले आम्ही चार घोडे गुडघ्यांवर बसलो. तिनं ओतलं. शेजारच्यानं माझ्या मुठीतलं बोर हिसकावलं, मी त्याला कोपर मारलं. मुलगा आधी बघत राहिला, मग खिदळत पाटावरून उतरून आमच्यात घुसला.

"आई, अजून," तो ओरडला. दोघीही वळल्या.

खालून काकूंचा आवाज येत होता. कोणाला तरी सांगत होत्या, लाडू बरे होते, गूळ जरा कमी पडला.